गावच्या वाचनालयात प्रौढांना संगणक शिकवताना सुरुवात कशापासून करावी?

प्रश्न (गुहागर तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाला मुंबईतील ग्रामस्थ मंडळाने चार जुने संगणक दिले असून, प्रौढांसाठी वर्ग चालवण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले आहे. येणाऱ्यांत बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या महिला, काही आंबा बागायतदार आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मोकळे असणारे खलाशी आहेत. फोन सर्वांकडे आहे. माऊस मात्र बहुतेकांनी हाती धरलेला नाही. प्रचलित पद्धतीप्रमाणे संगणकाचे भाग आणि त्यांची इंग्रजी नावे यांपासून आरंभ केला, तर आठवडाभरात वर्ग ओस पडेल अशी मला धास्ती वाटते. मग आधी काय शिकवावे? आणि मराठी टंकलेखन कोणत्या पद्धतीने शिकवणे हिताचे ठरेल?

उत्तर १ (चिपळूण)

आपली धास्ती रास्त आहे. सीपीयूची व्याख्या पाठ असलेला, पण पडद्यावरची खिडकी (विंडो) बंद करता न येणारा विद्यार्थी मी पुष्कळदा पाहिला आहे. पहिले दोन-तीन तास केवळ माऊससाठी द्यावेत आणि त्यासाठी पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ निःसंकोच वापरावा, कारण पत्ता उचलून दुसरीकडे ठेवताना 'ड्रॅग' आपोआप हातात बसते. डबल क्लिक ही वयस्कर बोटांची खरी अडचण असते. माऊसच्या सेटिंगमध्ये तिचा वेग कमी करता येतो, किंवा फोल्डर ऑप्शन्समध्ये एका क्लिकने फाइल उघडण्याची सोय करून देता येते. बाणही मोठा करावा. कंट्रोल-झेड पहिल्याच दिवशी शिकवा, कारण केलेले उलटवता येते हे कळल्यावर 'काहीतरी बिघडेल' ही भीती बरीचशी जाते. शिकवणाऱ्याने मात्र विद्यार्थ्याच्या माऊसला हात लावू नये. आपण करून दाखवले की काम लवकर उरकते आणि शिकणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही.

उत्तर २ (रत्नागिरी)

मी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे लोक नेमके कुठे अडतात हे रोज दिसते. छपाईसाठी येणारा माणूस "उतारा फोनात आहे" असे खात्रीने सांगतो आणि मग पाच मिनिटे बोटे फिरवूनही त्याला तो सापडत नाही. महाभूमी या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावरून पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घेणे त्याला जमलेले असते. पण तो कुठे उतरला हे त्याने पाहिलेलेच नसते, कारण फोन फाइलचा पत्ता समोर आणतच नाही. म्हणून माऊसनंतर मी वर्डही शिकवणार नाही आणि एक्सेलही नाही. मी फाइल आणि फोल्डर शिकवीन.

वाचनालयात हे समजावणे सोपे आहे. पुस्तक जसे एका कपाटातील एका फळीवर असते, तशी फाइल एका फोल्डरमध्ये असते. बागायतदाराला स्वतःचाच उतारा डाउनलोड्समध्ये शोधायला लावावा, एफ-२ दाबून त्याला गट क्रमांक आणि महिना असे नाव द्यायला सांगावे, आणि मग 'जमीन' नावाचा फोल्डर करून तो तिथे हलवायला लावावा. तीच फाइल दोनदा उतरवली की नावापुढे कंसात आकडा का येतो, हेही तेव्हाच कळते. कॉपी केल्यावर दोन फाइली होतात आणि कट केल्यावर एकच राहते, हा फरक पेन ड्राइव्हवर प्रत्यक्ष करून घ्या. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये, म्हणजे संगणकाच्या कचरापेटीत, जात नाही, हेही सांगून ठेवा.

एवढे पक्के झाल्यावर बचत गटाच्या महिलांना हिशेबाच्या तक्त्याकडे न्यावे. मासिक वर्गणीचा एक स्तंभ आणि खाली बेरजेचे सूत्र, इतके आरंभाला पुरते.

उत्तर ३ (मालवण)

टंकलेखनासाठी मी इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकाच्या मांडणीचा आग्रह धरीन. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने, अशी तिची रचना आहे. 'क' ज्या कळीवर आहे, तिच्यावरच शिफ्टसह 'ख' येतो. 'ग' आणि 'घ' यांचेही तसेच. बाराखडी येणाऱ्याला ही जोडी पटकन उमगते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत पहिल्या दिवशी सोपी वाटते खरी. पण ज्या आजींना इंग्रजी स्पेलिंगच येत नाही, त्यांच्यावर ते दुहेरी ओझे होते. इन्स्क्रिप्टमध्ये 'ल'च्या कळीवर शिफ्टसह 'ळ' आणि 'र'च्या कळीवर शिफ्टसह 'खाऱ्या'मधला 'ऱ' मिळतो, हेही सोयीचे. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षर-संकेतांत, लिहावा. जुन्या फॉन्टमध्ये केलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य खुणा दिसतात.

उत्तर ४ (दापोली)

वर्ग जून-जुलैत घेणार असाल, तर विजेचा विचार आधी करा. यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ संगणक चालू ठेवणारी बॅटरी) नसेल तर दर थोड्या वेळाने कंट्रोल-एस दाबून काम जतन करण्याची सवय लावावी लागेल. गडगडाट सुरू झाला की विजेच्या प्लगबरोबर इंटरनेटची वायरही काढावी, कारण तिच्यातूनही विजेचा झटका यंत्रात शिरतो. वर्ग नसलेल्या दिवशीही यंत्रे थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे आतील दमटपणा कमी होतो. संगणकांवर विंडोज १० असल्यास तिचा सर्वसाधारण सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे त्यांवर बँकेचे व्यवहार शिकवू नयेत. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालता आली तर उत्तम; वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारे लिब्रेऑफिस मोफत असून ते मराठीतही दिसते. यंत्र सामाईक असल्याने प्रत्येकाने उठण्यापूर्वी आपल्या खात्यातून बाहेर पडलेच पाहिजे, आणि ओटीपी शिकवणाऱ्यालाही सांगायचा नाही. फसवणूक झाल्यास १९३० हा क्रमांक लावायचा, हे फळ्यावर कायमचे लिहून ठेवा.