गाडीत ॲक्सेसरी बसवणाऱ्याने आधी काय घ्यावे : मल्टिमीटर की टेस्ट लॅम्प?

तांबेतार (धागाकर्ता)

गाडीत म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, पार्किंग सेन्सर किंवा ॲम्प्लिफायर बसवायला शिकणारे लोक वायरिंग तपासण्यासाठी पहिले साधन कोणते घ्यावे असे विचारतात, तेव्हा त्यांना हमखास मिळणारे उत्तर असते, "टेस्ट लॅम्प घ्या, भागते." हा सल्ला आता मोडीत काढावा असे माझे स्पष्ट मत आहे.

नेहमीच्या टेस्ट लॅम्पमध्ये, म्हणजे एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला सुई असलेल्या तपासणीच्या दिव्यात, साधारण ३ वॉटचा बल्ब असतो आणि १२ व्होल्टवर तो पाव अँपिअर करंट ओढतो. हॉर्न, हेडलाइट किंवा पंख्याच्या वायरीवर त्याने काहीच बिघडत नाही. परंतु आजच्या डॅशबोर्डमागील कित्येक वायरी थेट एखाद्या कंट्रोल मॉड्यूलच्या (गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीच्या) पिनेवर जातात, आणि त्या पिनेमागचा ट्रान्झिस्टर काही मिलिअँपिअरपुरताच बनवलेला असू शकतो. चिमटा बॉडीला लावून अशा वायरीवर लॅम्पची सुई टोचली, की बल्ब पेटण्याआधी मॉड्यूल जायची शक्यता असते. याउलट व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणाऱ्या डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध बहुधा १० मेगाओहम असतो. १२ व्होल्टच्या वायरीतून तो एका अँपिअरचा जेमतेम दहा लाखावा भाग घेतो.

दुसरा मुद्दा आकड्यांचा आहे. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना सामान्यतः १३.८ ते १४.५ दिसतात. लॅम्प या सगळ्यांवर सारखाच पेटतो. ॲम्प्लिफायर मधूनच बंद पडत असेल, तर टर्मिनलवर १४ येत आहेत की ११.५, हे कळल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. म्हणून शिकाऊ माणसाच्या पेटीत लॅम्प नसलेलाच बरा. मल्टिमीटर घेताना मात्र अँपिअरच्या दोन्ही जॅकना आत फ्यूज आहे ना, आणि कंटिन्युइटीचा (वायर सलग असल्याचा) बीप विनाविलंब वाजतो ना, या दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. बाकीची बटणे दुय्यम आहेत.

जुना फ्यूज

आपला युक्तिवाद नेटका आहे, पण मीटरचा जो गुण आपण सांगितलात तोच त्याचा सर्वांत मोठा दोष आहे. जो वायरीतून काहीच ओढत नाही, त्याला वायर काही देऊ शकते की नाही हे कसे कळणार?

रिव्हर्स कॅमेऱ्याचे उदाहरण घेऊ. मागच्या दिव्याच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी जाऊन पिनेवर हिरवट थर चढला आहे आणि त्या जोडाचा रोध १०० ओहम झाला आहे. रिव्हर्स गिअर टाकून मीटर लावला तर तो निर्धास्तपणे १२.४ व्होल्ट दाखवील, कारण त्याच्या १० मेगाओहमपुढे १०० ओहम म्हणजे काहीच नव्हेत. आता तिथे १०० मिलिअँपिअर घेणारा कॅमेरा जोडला, तर ओहमच्या नियमाप्रमाणे त्या एका पिनेवरच दहा व्होल्ट खर्च होऊ पाहतील आणि कॅमेरा सुरूच होणार नाही. शिकाऊ माणूस "सप्लाय तर येतोय" म्हणत कॅमेरा बदलत बसेल. टेस्ट लॅम्प तिथे पेटलाच नसता आणि खोट क्षणात उघडी पडली असती. बॉडी अर्थचेही, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात त्या जागेचेही, तेच. रंगावर कसलेला स्क्रू मीटरला कित्येकदा उत्तम अर्थ वाटतो, लॅम्पला वाटत नाही.

मॉड्यूलच्या भीतीबद्दल म्हणाल, तर बाजारात एलईडीचे लॅम्प मिळतात आणि ते फारच कमी करंट घेतात. अर्थात त्यांचा भार नगण्य असल्याने वर सांगितलेल्या कामाला ते मीटरइतकेच निरुपयोगी आहेत, म्हणून मी दोन्ही लॅम्प ठेवतो. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मात्र लॅम्पही लावू नये आणि मीटरही लावू नये. ओहमच्या रेंजवर मीटर स्वतःचा करंट सर्किटमध्ये सोडत असतो, हे मीटरवाले सोयीस्करपणे विसरतात.

तांबेतार

सर्किटवर भार हवा, हे मला मान्यच आहे. तो भार टेस्ट लॅम्पचाच असावा, हे मान्य नाही. आपल्याच उदाहरणात कॅमेरा जोडलेला ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे कॅमेऱ्याच्या पॉझिटिव्हला लावले, तर वाटेत किती व्होल्ट गळतात ते थेट दिसते. मग बॅटरीकडचे टोक एकेक कपलर कॅमेऱ्याच्या दिशेने सरकवत न्यायचे. ज्या जोडापाशी आकडा एकदम कोसळतो, तिथे खोट. अर्थच्या बाजूनेही हेच करता येते, आणि तिथे ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर स्क्रू काढून पत्रा खरवडावा. लॅम्प "गडबड आहे" एवढेच सांगून थांबतो, तर व्होल्टेज ड्रॉपची ही पद्धत गडबडीचा पत्ता देते.

शून्य ओहम

दोन्ही सदस्य अशा गृहीतकावर वाद घालत आहेत की वायरीत एक तर १२ व्होल्ट असतात किंवा शून्य. पंचवीस वर्षांपूर्वी ते बहुतांशी खरे होते. आता स्टिरिओच्या मागे येणारी इल्युमिनेशनची (डिस्प्लेचा प्रकाश कमी-जास्त करणारी) वायर पाहा. डॅशबोर्डचा प्रकाश अर्ध्यावर आणला की मीटर ६ व्होल्ट दाखवतो, परंतु त्या वायरीत ६ व्होल्ट कोणत्याही क्षणी नसतात. १२ व्होल्ट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात आणि मीटर त्यांची सरासरी सांगतो. तिथे नव्या स्टिरिओचा डिस्प्ले लुकलुकू लागला, तर लॅम्प आणि मीटर दोघेही हात वर करतात.

कॅन बसचे तर विचारूच नका. बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली ही दोन पिळदार वायरींची संदेशवहन पद्धत आज जवळपास प्रत्येक गाडीत आहे. शांत असताना दोन्ही वायरी २.५ व्होल्टच्या आसपास असतात आणि संदेश जाताना एक ३.५ कडे चढते, तर दुसरी १.५ कडे उतरते. मीटरवर एकीला २.६-२.७ आणि दुसरीला २.३-२.४ असे काहीतरी दिसते आणि नवखा माणूस ती वायर "कमजोर सप्लाय" म्हणून सोडून देतो. तिथे ३ वॉटचा लॅम्प लावणाऱ्याला डॅशबोर्डवर सगळे इशारादिवे एकदम पेटलेले पाहायला मिळतात. म्हणून माझे मत असे की साधा मीटर घ्या आणि उरलेले पैसे हातात मावणाऱ्या दोन चॅनेलच्या ऑसिलोस्कोपसाठी, म्हणजे व्होल्टेजची लहर पडद्यावर काढून दाखवणाऱ्या साधनासाठी, साठवा. ॲम्प्लिफायरचा गेन (आवाज किती पट वाढवायचा ते) लावतानाही तोच लागतो. ४ ओहमवर ७५ वॉट हवे असतील तर मीटरने एसी १७.३ व्होल्ट मोजून गेन लावता येतो खरा, पण त्या १७.३ मध्ये लहरीचा माथा छाटला गेला आहे की नाही, हे मीटर सांगत नाही.

जुना फ्यूज

स्कोपवर लहर पाहून शिकाऊ माणूस करणार काय? वायर कॅनची आहे हे समजायला त्या मॉडेलचा वायरिंग डायग्रॅम पुरतो, आणि त्या वायरीवर परस्पर जोड मारायचाच नसतो. त्यासाठी तयार कॅन अडॅप्टर असतो. बॅटरी काढून त्या दोन वायरींमध्ये ओहम मोजले आणि ६० च्या आसपास आले, म्हणजे दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोध शाबूत आहेत, इतपत खात्री मीटर देतो. बसवणाऱ्याला बहुतेक वेळा याहून अधिक लागत नाही. गेनचा मुद्दा तेवढा मान्य.

नवशिका

चर्चेतून बरेच समजले. एक शंका आहे. डॅशकॅम बसवल्यापासून दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. यासाठी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा) घ्यावा का?

तांबेतार

घ्यायचा असेल तर तो डीसी अँपिअर मोजणारा आहे याची खात्री करून घ्या, कारण साधे क्लॅम्प मीटर केवळ एसी मोजतात आणि गाडीच्या बॅटरीवर शून्य दाखवत बसतात. रिझोल्यूशन, म्हणजे दाखवता येणारा लहानात लहान फरक, १० मिलिअँपिअर किंवा त्याहून बारीक हवे. गाडी लॉक केल्यावर सगळी मॉड्यूल झोपायला अर्धा तासही लागू शकतो, त्याआधीचा आकडा धरू नये. नंतर साधारण ५० मिलिअँपिअरच्या वर काही दिसत असेल, तर डॅशकॅमचा फ्यूज काढून फरक पाहा.

शून्य ओहम

त्यासाठी नवे साधन कशाला? ब्लेड फ्यूजच्या (गाडीतील दोन चपट्या पायांच्या फ्यूजच्या) डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूज न काढता त्यांवर टोके टेकवा. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहम असतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट दिसला की सुमारे १३० मिलिअँपिअर वाहत आहेत असे समजावे. बॅटरीची वायर सोडून मध्ये मीटर घालण्यापेक्षा हे बरे, कारण वायर पुन्हा जोडताच झोपलेली मॉड्यूल जागी होतात आणि जो दोष शोधायचा तो कधीकधी त्या रीसेटमध्येच नाहीसा होतो. फक्त बॉनेट आणि दाराचे लॅच आधीच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करून ठेवा, म्हणजे गाडीला दार उघडे वाटणार नाही.

जुना फ्यूज

पद्धत चांगली आहे. पण ज्यांनी कोणी अँपिअर मोजायला मीटर मध्ये घातला असेल, त्यांनी लाल वायर १० अँपिअरच्या जॅकमधून काढून व्होल्टच्या जॅकमध्ये घातली आहे ना, हे पुढच्या वेळी बॅटरीला टोके लावण्याआधी पाहावे. त्या जॅकवरून मीटर म्हणजे सरळ शॉर्टच असतो, आणि आत फ्यूज नसलेल्या मीटरची टोके बॅटरीवर वितळतात. लॅम्पच्या बाबतीत हा प्रकार संभवतच नाही, एवढे धागाकर्त्यांनी नोंदवून ठेवावे.

तांबेतार

नोंदवले. माझ्या मीटरच्या त्या जॅकवर चिकटपट्टी लावलेली असते आणि अँपिअर मोजायचे असतील तेव्हाच ती काढतो. लॅम्पविषयीचे मत मात्र तेच आहे.