पीसीएमनंतर बायोलॉजी: बोर्डाचा पेपर कधी द्यायचा, नीट कधी?

विश्रामबाग (सांगली) यांचा प्रश्न आणि कृष्णाकाठ, लॅबवही, माण-खटाव या टोपणनावांनी आलेली उत्तरं, जून २०२५

पुतणी यंदा फेब्रुवारीच्या परीक्षेत कोल्हापूर विभागातून बारावी सायन्स पास झाली. ग्रुप पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), सोबत बायफोकल (व्यावसायिक विषय) इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बायोलॉजी अकरावीलाही नव्हतं. फिजिक्स ५८, केमिस्ट्री ६१. प्रवर्ग ओबीसी. आता तिला मेडिकलला जायचंय. काहीजण सांगतात, अकरावीपासून पुन्हा करावं लागेल. खरंच तसं आहे का? आणि बायोलॉजी व नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) एकाच वर्षी द्यावं की बायोलॉजी आधी उरकून नीट पुढच्या वर्षी?

कृष्णाकाठ

अकरावीपासून करायची गरज नाही. ती जुनी अट. १९९७ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांमुळे बायोलॉजी अकरावी-बारावी दोन्ही वर्षं नियमित शिकलेलं लागायचं, मागाहून वेगळं दिलेलं चालत नसे. नॅशनल मेडिकल कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती उठवली. बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी जादा विषय म्हणून पास झालं की नीटला बसता येतं. त्याआधीचे लेख नेटवर अजून फिरतात, त्यामुळे वाचताना तारीख बघत जा.

राज्य मंडळात याला ‘तुरळक विषय’ म्हणतात. १७ नंबरचा फॉर्म मागू नका. तो बारावी न झालेल्यांनी खासगीरीत्या बसण्यासाठी असतो, पुतणी तर पास आहे. तुरळक विषयाचा अर्ज ज्युनिअर कॉलेजमार्फतच ऑनलाइन जातो. अर्ज दिवाळीच्या आसपास सुटतात, पण कॉलेजशी बोलणी आत्ताच करा. प्रात्यक्षिकं त्यांच्याच लॅबमध्ये व्हायची असतात. ऐनवेळी आलेल्या मुलीला कोणत्या बॅचमध्ये बसवायचं, हा प्रश्न कॉलेजला पडतो आणि नकार तिथेच मिळतो.

तारखांचा अंदाज यंदाच्या वेळापत्रकावरून घ्या. लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, प्रात्यक्षिकं त्याआधीच झाली होती. नीटचा फॉर्म ७ फेब्रुवारी ते ७ मार्च. नीट ४ मे, बारावीचा निकाल ५ मे. म्हणजे बायोलॉजीचा निकाल हातात नसतानाच नीटचा फॉर्म भरावा लागतो. त्याला हरकत नाही, बारावीला बसलेल्यांना फॉर्म भरता येतो. पात्रता प्रवेशाच्या वेळी सिद्ध करायची असते.

धोका आहे तो पेपर राहिला तर. पुरवणी परीक्षेचा निकाल जुलैअखेरीस लागतो आणि तोवर कौन्सेलिंगची (मेडिकलच्या प्रवेशफेऱ्यांची) नोंदणी सुरू झालेली असते. म्हणून फेब्रुवारीतच पास व्हायचं, पुरवणीवर विसंबायचं नाही.

टक्क्यांची काळजी नको. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ३०० पैकी खुल्या प्रवर्गाला १५०, ओबीसीला १२० लागतात. दोन विषयांचे तिचे ११९ आहेतच, बायोलॉजीत नुसते ३५ पडले तरी बेरीज १५४. मेरिट नीटवरच लागतं. पण दोन गुणपत्रिका होतील, दोन्ही मूळ प्रती जपून ठेवा.

लॅबवही

बायोलॉजीत लेखीला ७० गुण, प्रात्यक्षिकाला ३०. तुरळक विषयवाले लेखी रेटून नेतात आणि प्रात्यक्षिकात अडकतात, कारण सूक्ष्मदर्शक जेमतेम दोन-तीनदा हाताळलेला असतो. कॉलेजला विनंती करून नियमित बॅचबरोबर वर्षभर लॅब करा. जर्नल पूर्ण आणि सही झालेलं हवं.

एक उदाहरण, कांद्याच्या मुळावरची पेशीविभाजनाची स्लाईड. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला फुटलेली मुळं सकाळी ८ ते १० च्या दरम्यान कापायची. एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात २४ तास ठेवायची. मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब व ॲसिटोकार्मिन हा रंग टाकून अलगद गरम करायचं, उकळू किंवा सुकू द्यायचं नाही. नंतर फक्त टोकाचा २-३ मिलिमीटरचा गडद तुकडा ठेवायचा, बाकीचं मूळ फेकायचं. चूक होते ती इथेच. वरचा भाग घेतला तर लांबट पेशी दिसतात, विभाजन एकाही पेशीत सापडत नाही, आणि मूल समजतं सूक्ष्मदर्शकच खराब आहे. कव्हरस्लिप दाबताना बोट सरकलं तर पेशी गुंडाळल्या जातात. हे दोन-चारदा हाताने केल्याशिवाय जमत नाही.

माण-खटाव

त्याच वर्षी नीटलाही बसावं, पण काय अंगावर घेतोय ते समजून. बायोलॉजी म्हणजे १८० पैकी ९० प्रश्न, ७२० पैकी ३६० गुण. तुरळक विषयात फक्त बारावीचं पुस्तक येतं, नीटमध्ये मात्र अकरावीही. वनस्पती आणि प्राणी वर्गीकरण, पेशी, प्रकाशसंश्लेषण, उत्सर्जन हे बोर्डाचा पेपर देऊन झाला तरी कोरंच राहतं.

शिवाय राज्य मंडळ आणि एनसीईआरटी (केंद्राची पुस्तकं, नीट त्यांवर बेतलेली) यांची मांडणी वेगळी. श्वसन-रक्ताभिसरण आणि नियंत्रण-समन्वय आपल्या बारावीच्या पुस्तकात आहे, एनसीईआरटीत तेच अकरावीला. उलट वनस्पतींतलं पाण्याचं वहन बोर्डाला हवं, नीटच्या अभ्यासक्रमातून ते २०२४ पासून वगळलंय. म्हणून आत्तापासून डिसेंबरपर्यंत दोन्हींत सामाईक असलेले धडे एनसीईआरटीतून (अनुवंशशास्त्र, प्रजनन, जैवतंत्रज्ञान, परिसंस्था), सोबत अकरावीचं रोज थोडं. जानेवारी-फेब्रुवारी निव्वळ बोर्डाची उत्तरं लिहून काढायला. मार्च-एप्रिल नीट.

दहा महिन्यांत गव्हर्नमेंटची सीट निघेल याची हमी मी देणार नाही. पण बोर्डाचं बायोलॉजी पहिल्याच वर्षी संपवा. ते लांबवलं तर नीटच्या खऱ्या तयारीच्या वर्षात जर्नल आणि लेखी दोन्ही मानेवर बसतात.

विश्रामबाग

आभारी आहे. तिचं जुनं कॉलेज तुरळक विषय घ्यायला तयार नाही. एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) चालेल का?

कृष्णाकाठ

चालेल, ते मान्यताप्राप्त बोर्ड आहे आणि एकाच विषयाला प्रवेश मिळतो. पण त्यांची मुख्य परीक्षा एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नीटच्या अंगावरच येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची खेप मिळत असेल तर ती घ्या. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच निवडा, कारण राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी-बारावी इथूनच झालेली बघतात. मिरज, साताऱ्याच्या शासकीय कॉलेजांच्या बहुतेक जागा त्याच कोट्यातल्या. आधी मात्र शहरातली आणखी दोन-तीन ज्युनिअर कॉलेजं विचारून बघा, लॅबच्या दृष्टीने तेच बरं.

आणि ओबीसी आहे म्हणून सांगतो, जात वैधतेचा अर्ज झालाय का ते आजच बघा. कॉलेजमध्ये असताना तो सहज जातो, बाहेर पडल्यावर प्राचार्यांच्या पत्रासाठी फेऱ्या होतात आणि पडताळणी समितीकडे महिने जातात. नॉन-क्रिमीलेयर ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं, त्यामुळे ते एवढ्यात काढू नका, पुढच्या एप्रिलनंतर काढा.