टीएचआरचं (अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या आहाराचं) पाकीट घरात नेमकं कोण खातंय? कसं शोधू?

जतची_ताई:
अंगणवाड्यांची मुख्यसेविका आहे. जतच्या पूर्व भागातल्या वस्त्या माझ्याकडं. सहा महिने ते तीन वर्षांच्या पोरांना टीएचआर घरी देतो. रजिस्टरला सह्या पूर्ण, वजनाचा काटा मात्र हलत नाही. ‘पोराला चारता का?’ विचारलं की सगळ्या आया ‘हो’च म्हणतात. परवा एका घरी नुसती पाणी प्यायला टेकले, तर सासूबाई पाकीट फोडून शेळीच्या पेंडीत मिसळत होत्या! मला बघून हात पदराखाली. ‘मिळालं का’ एवढंच आम्ही आजवर विचारलं, ‘कुणी खाल्लं’ कधीच नाही. आता चार घरांत बसून बघायचं म्हणते. पण मी दारात दिसले की पोर मांडीवर आणि वाटी पुढं. काय करू?

सांगलीवाला:
समाजकार्याच्या पोरांना फिल्डवर्कला पाठवतो, त्यावरून सांगतो. कशासाठी येताय ते खरं सांगा, परवानगी घ्या, पण टेपरेकॉर्डर आणि मोबाईल पिशवीतच. तिन्हीसांजेला जा, शेंगा फोडू लागा. टिपणं रात्री घरी. सेविकेला नेऊ नका, तिच्यादेखत सून सासूचं गाऱ्हाणं सांगणार नाही.

जतची_ताई:
सर, तिकडं घरात कन्नड चालतं. मला ‘ऊटा आयता’च्या (जेवण झालं का) पुढं येत नाही. सेविकेशिवाय मुकी मी.

सांगलीवाला:
मग दुसऱ्या गावची सेविका न्या.

वाळव्याची_मामी:
संध्याकाळचंच बघू नका. आमच्याकडं ऊसतोड टोळीतल्या बाया पहाटे फडात जातात, दिवसभर पोर आठ वर्षांच्या बहिणीकडं. नऊ महिन्यांपुढच्या पोराला दिवसातून तीन-चारदा चारायला हवं. ती पोरगी काय चारणार?

माणदेशी:
धडधाकट पोरांची घरंही बघा. १९९०-९१ मध्ये व्हिएतनाममध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ संस्थेच्या जेरी स्टर्निननं हेच केलं. तितक्याच गरीब घरांतली काही पोरं चांगली होती. त्यांच्या आया भातखाचरातले बारके खेकडे, झिंगे आणि रताळ्याचा पाला चारत, तेही दिवसातून जास्त वेळा. ते बाकीच्या आयांनी एकमेकींकडूनच शिकून घेतलं. तुमच्याकडं कुणी हुलग्याचं माडगं पाजतं का बघा.

जतची_ताई:
जाऊन आले, शेजारच्या गावची सेविका घेऊन. सासूबाई म्हणाल्या, त्या गोड पिठानं पोराला एकदा ढाळ लागली, तेव्हापासनं शेळीला. (शेळी मस्त आहे.) दोन घरं सोडून एक आजी त्याच पिठात ज्वारीचं पीठ, लसूण घालून धपाटं करते, नातू दोन खातो. उद्या सकाळी सातला तिच्या चुलीपाशी बसणार आहे. सासूबाईंनाही बोलावलंय, येतील का बघू.