मुलांना फूल कसे दाखवलेत? (अनुभव धागा)

लहान मुलाला फूल काढायला सांगितले की मध्ये एक गोल, भोवती पाच पाकळ्या, खाली सरळ दांडा आणि त्याला दोन पाने, हे चित्र हमखास कागदावर उतरते. मूल सोसायटीच्या सहाव्या मजल्यावर वाढत असो किंवा परसात अबोली असलेल्या घरात, चित्र बहुधा तेच. हस्तकलेच्या तासाला कापलेली फुलेही त्याच साच्यातून निघतात आणि त्यात मुलांचा दोष नाही, कारण खरे फूल हातात घेऊन उलगडायला त्यांना कोणी सवडच दिलेली नसते. तीन ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर फुले पाहताना, ओवताना, वाळवताना, त्यांचा रंग काढताना किंवा कागदाची फुले करताना आपल्याला जे अनुभव आले, ते येथे सविस्तर लिहावेत. फूल कोणते, ऋतू कोणता आणि मुलाने नेमके काय विचारले, हे आवर्जून सांगावे. एक सूचना आधीच करून ठेवतो: कण्हेर, बिट्टी, धोतरा आणि कळलावी या वनस्पती विषारी आहेत, तर रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो, त्यामुळे ही फुले लांबूनच दाखवावीत.

बालवाडी शिक्षिका, पुणे

माझ्या मते सुरुवात एकेरी लाल जास्वंदीपासून करावी, कारण तिचे सगळे भाग मोठे असतात आणि लहान बोटांना ते सहज वेगळे करता येतात. प्रत्येक मुलापुढे वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यावर एक फूल ठेवते. आधी देठाजवळची बारीक हिरवी पाने काढायची, मग हिरवा पेला सोडवायचा आणि त्यानंतर पाकळ्यांना हात लावायचा. पाकळी ओढली की मधली लांब नळीही तिच्याबरोबर हलते, कारण बुडाशी ती दोन्ही जोडलेली असतात, हे मुलांच्या स्वतःच्या लक्षात येते. बोटे बुळबुळीत होतात, त्यावर पिवळे पराग चिकटतात आणि ती बोटे काळ्या कागदावर टेकवली की ठसे उमटतात. नळीच्या टोकाशी मखमली लाल ठिपके पाच असतात, हे मात्र मोजायला सांगितल्याशिवाय बहुतेकांच्या नजरेत भरत नाही.

कागदकाम यानंतर. क्रेप कागदाच्या पाच पाकळ्या कापायच्या, गुंडाळलेल्या कागदाची नळी करायची, तिला डिंक लावून हळद चोळलेल्या रव्यात घोळवायची आणि टोकाशी पाच लाल मणी चिकटवायचे. खरी गंमत पाकळ्या लावताना येते. जास्वंदीची प्रत्येक पाकळी एका बाजूने शेजारणीच्या वर आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या शेजारणीच्या खाली असते, त्यामुळे चार पाकळ्या लावून झाल्यावर पाचवीची एक कड पहिलीच्या खाली सरकवावी लागते. गेल्या वर्षी एका मुलीने ती वरूनच चिकटवली, शेजारच्या मुलाने खरे फूल तिच्यापुढे धरून “अगं, ही आत जाते” असे बजावले आणि दोघांनी मिळून ओला डिंक सोडवून ती पाकळी आत घातली. मी काहीही शिकवलेले नव्हते. बाजारात मिळणाऱ्या तयार पाकळ्यांच्या संचांवर माझा राग आहे तो याचसाठी: सगळे कापून आणि भोके पाडून आलेले असते आणि मुलाला पाहण्याचे कारणच उरत नाही.

दसऱ्यानंतर दारावरचा सुकलेला झेंडू फेकून देऊ नये. त्याची आपण जिला पाकळी म्हणतो, ती प्रत्येक पाकळी वास्तविक एक स्वतंत्र छोटे फूल असते. फूल उभे फाडले की खाली काळ्या काड्या दाटीने उभ्या दिसतात. त्या काड्या म्हणजे बिया. मुले त्या दह्याच्या रिकाम्या डब्यात पेरतात आणि आठवडाभरात कोंब दिसू लागतात.

आजी, वेंगुर्ले तालुका, सिंधुदुर्ग

आमच्याकडे मुलांना फुले वेगळी शिकवावी लागत नाहीत, असे मी समजत होते. परंतु नातवंडे मुंबईहून येऊ लागली आणि फुले ओवायची म्हणताच ती सुई मागू लागली. अबोलीला आम्ही सुई लावत नाही. केळीच्या सोपाचा (खोडाच्या सालीचा) धागा काढून, तो ओला करून, फुलांच्या बारीक नळ्या दोन बाजूंनी ठेवत गाठी मारत वेणी पुढे न्यायची. सहा वर्षांच्या नातवाला गाठ जमत नव्हती, म्हणून त्याला मी बकुळीची फुले दिली. बकुळीचे फूल झाडावरून गळताना मध्ये आपोआप भोक घेऊनच पडते, त्यामुळे ते नुसत्या ताठ काडीवरही ओवता येते. ती माळ त्याने मुंबईला नेली. फुले वाळून तपकिरी झाली तरी वास टिकून असल्याचे त्याने फोनवर कौतुकाने सांगितले. अबोलीला मुळीच वास कसा नाही, हा त्याचा पुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मी अजून शोधते आहे.

अबोलीचा एक खेळ मात्र सर्वांनी करून पाहावा. फुले संपल्यावर कणसासारखा भाग वाळतो. तो तोडून पाण्याच्या वाटीत टाकला की थोड्या वेळाने त्यातील बोंडे टक्‌कन फुटतात आणि बिया पार लांब उडतात. पावसाचे पाणी लागले की बी रुजायला निघाले, इतके सांगितले तरी मुलांना पुरते. वाटी जमिनीवर ठेवावी आणि मुलांनी तोंड जवळ नेऊ नये.

सुरंगीच्या दिवसांत मात्र मुलांना झाडाजवळ नेताना जपावे लागते. ती फुले थेट जाड फांद्यांवर गर्दीने येतात आणि मधमाश्यांचा घोंगाट खालपर्यंत ऐकू येतो.

दोन मुलांचा बाबा, चंद्रपूर

आमच्याकडे फुलांचा धडा म्हणजे पळस. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गळालेल्या झाडावर नुसती केशरी फुले असतात आणि खाली त्यांचा सडा पडतो, त्यामुळे तोडण्याचा प्रश्नच येत नाही. मुलांनी आधी फूल उघडून पाहिले: काळसर मखमली टोपी, पाठीमागे वळलेली एक मोठी पाकळी, दोन बाजूच्या पाकळ्या आणि पोपटाच्या चोचीसारखा बाक असलेला पुढचा भाग. चोच दोन बोटांनी उघडली की आत पुंकेसर सापडतात. धाकट्याने विचारले की वास नाही तर पाखरे येतात कशाला. आम्ही तासभर झाडाखाली बसलो. साळुंक्या आणि कोतवाल फुलांत चोची घालून रस पिताना दिसले आणि त्याला स्वतःच उत्तर मिळाले.

घरी आणलेली फुले पातेल्यात उकळली. पिवळसर पाणी आले, त्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकताच ते गडद केशरी झाले. जुन्या धोतराच्या पांढऱ्या तुकड्यांना दोरे बांधून मुलांनी ते त्यात बुडवले. हा रंग धुण्यात फिका होतो, हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर रडारड होते.

आई, लंडन

वरील अनुभव वाचताना हेवा वाटला, कारण येथे मुलीला घेऊन फुले वेचायला निघालो की आधी “हात लावायचा नाही” हेच सांगावे लागते. एप्रिलच्या शेवटी रानात ब्लूबेलचे निळे गालिचे पसरतात. ती पायदळी तुडवली की झाडे लवकर सावरत नाहीत आणि त्यांचे रानातील कंद उकरणे तर 1981 च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. त्यामुळे आम्ही वाटेवरून न ढळता रंगीत खडूंनी तेथेच चित्र काढतो. मुलीच्या लक्षात आले की या फुलांचा तुरा एका बाजूला झुकलेला असतो, आणि हे मला स्वतःला कधीच दिसले नव्हते.

डॅफोडिल मात्र दुकानात स्वस्तात मिळते, म्हणून त्याची चिरफाड घरी करता येते. बाहेर सहा पाकळ्या आणि मध्ये पिवळा कर्णा. तो कर्णा करायला अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातील एक-एक खळगा कापून रंगवला की काम होते. देठाचा चीक हाताला खाजतो आणि कंद विषारी असतो, तेव्हा नंतर हात धुवावेत. आमच्या गुढीला याच फुलांची माळ असते. झेंडू मिळाला तर उत्तमच, पण मार्चमध्ये येथे जे फुलते ते गुढीवर असावे असा मुलीचा आग्रह असतो आणि तो मला पटतो.

पुण्याच्या ताईंनी झेंडूविषयी लिहिले आहे तेच हिरवळीवरच्या डेझीलाही लागू पडते. तिचा पिवळा मधला भागही असंख्य बारीक फुलांचा असतो, हे भिंगातून स्पष्ट दिसते. देठाला नखाने चीर पाडून त्यातून दुसरीचा देठ ओवत मुले माळ करतात. तो गजरा मुलगी व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवते, आणि आजी दर वेळी “घट्ट ओव” म्हणते.

बाबा, सातारा

थोडा वेगळा सूर लावतो. कास पठार 2012 मध्ये जागतिक वारसास्थळांत आल्यापासून प्रत्येक पाहुण्याला आपले चार वर्षांचे मूल तेथे न्यायचे असते. माझ्या मते इतक्या लहान मुलाला तो सगळा विस्तार एक रंगीत जमीन म्हणूनच दिसतो, आणि फुले तोडण्यास मनाई असल्याने दिवसभर त्याला रागवण्यातच आपला वेळ जातो. जायचेच असेल तर वाटेकडेला बसून एकच हातभर जागा पाहावी. सीतेची आसवे या इवल्या जांभळ्या फुलांची झाडे बारीक जीव पकडून खातात, हे ऐकून माझा मुलगा मात्र तेथून उठायलाच तयार नव्हता.

त्यापेक्षा रस्त्याकडेची घाणेरी बरी. ती बाहेरून आलेली, रानभर पसरलेली झुडपे आहेत, त्यामुळे फुले तोडायला कोणाची हरकत नसते. एकाच गुच्छात मधली फुले पिवळी आणि कडेची गुलाबी असतात, कारण फूल जुने होताना रंग बदलते. वर्तमानपत्रात दाबून ठेवल्यास ती सुंदर वाळतात. पावसाळ्यात कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी येते. तिची हिरवी फळे तोंडात जाऊ देऊ नयेत.

आई, ठाणे

गॅलरीत मोठ्या कुंडीत लाल भोपळ्याचा वेल आहे. फुले येत होती पण भोपळा धरत नव्हता, म्हणून मुलगा रोज चिडत असे. आधी येणारी लांब बारीक देठाची फुले नर असतात आणि मादी फुलाच्या खाली इवला भोपळा आधीपासूनच असतो, हे त्याला दाखवले. आमच्या मजल्यावर मधमाश्या फारशा येत नाहीत. मग सकाळी शाळेची बस येण्याआधी, फुले उघडी असतानाच, नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवण्याचे काम त्याने अंगावर घेतले. उरलेल्या नर फुलांची आम्ही बेसनात बुडवून भजी करतो; मात्र कोणते फूल तळायचे आणि कोणते वेलावर ठेवायचे, हे आता तोच ठरवतो.