बाग आणि बसायची जागा : तुमचे अनुभव लिहा

नव्या घराबरोबर हल्ली बागही तयार मिळते : हिरवळ, फरशीचा पट्टा, कोपऱ्यात झोपाळा. मला मात्र वर्षानुवर्षं थोडी थोडी घडलेली अंगणं बघायला आवडतात. म्हणून हा धागा. तुमच्याकडे आधी सावली आली की आधी बाक? बसायची जागा कुठून कुठे सरकली? नाव नको, पण गाव आणि माती नक्की लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पुण्याच्या कडेला 2014 पासून राहतेय. एकच बैठक बारा महिने चालत नाही, हे माझं ठाम मत. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा घराच्या दक्षिणेचा कट्टा सकाळभर उबदार असतो. मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि त्याच कट्ट्याजवळ फिरकवत नाही. तेव्हा संध्याकाळी पूर्वेला, घराच्याच सावलीत खुर्च्या टाकते. पावसाळ्यात मागची पडवी. प्राजक्त मुद्दाम पूर्वेला लावला, कारण त्याचा सडा सकाळी चहाच्या वेळीच बघायचा असतो.

कुडाळ, जांभ्याची लाल माती

ताई, आमच्याकडे बसायची जागा दरवर्षी नव्याने करतात. पावसात अंगणात गवत माजतं, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. दिवाळी झाली की खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, करायला घ्यायचं. वरची माती उकरून ढेकळं फोडायची, पाणी शिंपून मुरू द्यायचं, मग चोपण्याने चोपून सपाट करायचं आणि शेणाने सारवायचं. वर मांडव, त्यावर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. उन्हाळ्यात सुपारी सोलणं, आमसुलं वाळवणं, पाहुण्यांच्या पंगती, सगळं तिथेच. मृगाच्या आधी मांडव उतरवतो आणि कुजके झाप माडांच्या आळ्यात जातात. आता बऱ्याच घरांपुढे टाइल्स आल्यात. मे महिन्यात त्यांवर अनवाणी उभं राहून बघा आणि मग सारवलेल्या खळ्यात या, मी खळं का सोडत नाही ते कळेल.

पक्की बैठक एकच, चिऱ्यांची, बकुळीखाली. बकुळ सासूबाईंनी लावलेली. ती सावकाश वाढते, त्यामुळे बैठक बांधायचा योग माझ्या वेळी आला. माडाखाली बैठक कधीच करू नये. नारळ पडतो, वाळकी झावळ पडते. फणसाखालीही नको.

परभणी, भारी काळी माती

इथे सगळा खेळ मातीचा. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ फरशी टाकली की ती हलणारच. आमच्या गवंडीमामांनी दीड फूट माती काढायला लावली. मुरूम भरून, पाणी मारून धुम्मस केली, वर कच पसरला आणि त्यावर शहाबादी सुट्या मांडल्या, सांधे सिमेंटने न भरता. 2017 सालचं काम आजही सपाट आहे. निघालेली माती वाळू आणि शेणखत घालून वाफ्यांना वापरली, मोगरा तिच्यात छान येतो. हिरवळ ठरवूनच केली नाही. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढाताण असताना गवताला पाणी घालणं मला पटत नाही. न्हाणीचं पाणी कर्दळ आणि केळीकडे वळवलंय.

नागपूर

थोडक्यात सांगतो. पारा 45 ला टेकतो, तेव्हा सिमेंटचा बाक रात्रीही गरम असतो. निवारीची खाट घ्या, हवी तिथे उचलून नेता येते. पश्चिमेच्या कुंपणावर मधुमालती चढवा.

न्यू जर्सी

परभणीकरांचं वाचून गंमत वाटली. इथे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि फरशा वर उचलल्या जातात. उपायही तसाच, खाली खडीचा जाड दाबलेला थर. बैठकीवर मेपलची सावली आहे. उन्हाळ्यात दाट, आणि हिवाळ्याआधी पानं गळून ऊन मोकळं. म्हणजे धागाकर्तीताईंना तीन जागा लागतात, ते काम इथे एक झाड बरंचसं करतं. कढीपत्ता आणि मोगरा कुंडीतच. रात्री 10 अंशांखाली जायला लागल्या की कुंड्या आत, वसंतात दहिवराची भीती गेली की बाहेर. हरणं मात्र कोवळं सगळं खातात. 2019 मध्ये उंच कुंपण घातलं, तेव्हापासूनच भाजी हाती लागते.

पनवेलजवळ, नवा प्लॉट

आमच्याकडे अजून एकच झाड आहे, आपोआप आलेला शेवगा. त्याखाली बाक टाकावा का? आणि कमळाची टाकी केली तर डास होतील?

कुडाळ

शेवग्याखाली नको हो. फांदी ठिसूळ असते आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, अंगाला लागले की आग होते. तो परसात असू दे, शेंगा खा. बैठकीपाशी कलमी सोनचाफा लावा, दोनतीन वर्षांत फुलेल. सावलीला वेळ लागेल, तोवर मांडव घाला. टाकीत गप्पी मासे सोडा, डासांच्या अळ्या खातात. आणि ती टाकी उन्हात ठेवा, सावलीत कमळ फुलत नाही.