पाकिटातल्या पॅटर्नवरून शिवलेला पहिला ड्रेस, पहिला स्कर्ट: अनुभव धागा

धावदोरा
काल आईची शिवणाची पेटी उघडली. रिळं, गंजलेल्या टाचण्या, झिजलेली खडूची चकती आणि तळाशी एक फुगलेलं पाकीट. सहा कळ्यांच्या स्कर्टचा पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा कागदी नमुना. पाकिटावर तीन बायका कमरेवर हात ठेवून उभ्या, एकीच्या गालावर मशीनच्या तेलाचा डाग. आतला तो तपकिरी पातळ कागद उघडून-मिटून जुन्या मलमलीसारखा मऊ झालाय. त्यावर पेन्सिलीने आईचं अक्षर: 'कंबर १ इंच वाढव. मागे पाव इंच खाली घे. उंची कमी करू नकोस.'

स्वतःलाच लिहिलेलं. मी कितीतरी वेळ ते वाचत बसले.

तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. तिने कागद पलंगावर पसरला, पंखा बंद केला आणि मला एक टोक धरायला बसवलं. 'श्वास हळू घे,' म्हणाली. मग खाली वर्तमानपत्र घालून दात्यांच्या चाकाने रेघ गिरवली. चाक फिरलं की टरटर आवाज यायचा आणि कागदावर बारीक टोचे उमटायचे. मूळ कागदाला तिने कधी कात्री लावली नाही. एकाच कागदावर सगळ्या मापांच्या रेघा असतात, एक कापली की तिच्या बाहेरच्या सगळ्या गेल्या, असं तिचं म्हणणं. इतकी वर्षं मला वाटायचं, पॅटर्न आणला की झालं, तो सांगेल तसं कापायचं. आणि तिने तर त्यावर जागोजागी खाडाखोड केलीय.

तुमचं लिहा ना. पहिला ड्रेस, पहिला स्कर्ट, बिघडलेला, जमलेला, काहीही.

बॉबिनवाली
नंबर!!! दुकानातले कपडे ज्या नंबरचे घालते तोच नंबर पॅटर्नचा घेतला. शिवून झाल्यावर चेन अर्ध्यावर अडकली ती वर जाईचना. मग कुठे पाकिटामागचा तक्ता वाचला. मोठ्या अमेरिकी पॅटर्न कंपन्यांच्या तक्त्यात १२ नंबर म्हणजे छाती ३४, कंबर २६½, नितंब ३६ इंच. तयार कपड्यांच्या नंबराशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हापासून नंबर बघायचाच नाही, आधी टेप अंगाला लावायचा. बाळ उठलं, नंतर येते.

कळीदार
'उंची कमी करू नकोस' वाचून डोळे भरून आले गं धावदोरा. आई उंच होत्या का?

धावदोरा
हो ना, आणि तयार स्कर्ट तिला नेहमी आखूड व्हायचे. म्हणूनच शिवायला लागली असावी. हे मी तिला कधी विचारलंच नाही.

मुंढा_आणि_बाही
माझा किस्सा मायेचा. शिलाईच्या मायेचा, म्हणजे शिवणीबाहेर सोडायच्या जादा कापडाचा. परदेशी मासिकातून पॅटर्न घेतला होता. मधोमध मोठा ताव, त्यावर लाल, हिरव्या, काळ्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या, त्यातून आपली रेघ शोधून गिरवायची. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. गिरवलं, रेघेवर कापलं, शिवलं. ड्रेस अंगात शिरेना. त्या तावावर माया धरलेलीच नव्हती, ती आपण बाहेरून वाढवायची होती. पाकिटातल्या पॅटर्नमध्ये बहुतेकदा १.५ सेंमी माया आतच असते, मला तीच सवय. हिशेब करा: बाजूच्या शिवणी दोन, प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचे दीड-दीड, म्हणजे ६ सेंमी गायब. कापड फार आवडीचं होतं, निळ्यावर पांढरी बारीक पानं. शेवटी दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत पांढऱ्या पट्ट्या जोडल्या. लोकांना ती फॅशन वाटली आणि मला अजून तो ड्रेस फार आवडतो.

चिमटीभर
त्या पट्ट्यांचं ऐकून हात शिवशिवले. माझ्याकडे एक असाच घट्ट झालेला पडून आहे, आजच काढते.

जुना_बेत
धाग्यात थोडी भर. या पाकिटांची सुरुवात मला फार आवडते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावात एबनेझर बटरिक नावाचा शिंपी होता. त्याने १८६३ मध्ये मापांनुसार लहानमोठे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली, पण ते पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांचे. बायकांच्या ड्रेसचे पॅटर्न १८६६ पासून. १८७० मध्ये जेम्स मॅककॉल आला, तोही शिंपीच, मूळचा स्कॉटलंडचा. सिम्प्लिसिटी १९२७ची. आणि जर्मनीत एने बुर्डा या बाईंनी १९५२ पासून मासिकातच पॅटर्नचा ताव देणं सुरू केलं.

सगळ्यात गमतीचं म्हणजे जुन्या पातळ कागदांवर काही छापलेलंच नसायचं, नुसती भोकं. लहानमोठ्या भोकांच्या रांगांवरून टक (आकार द्यायला घातलेली दुमड) कुठे आणि कापडाचा उभा धागा कुठे, ते ओळखायचं. त्या बायका ते कसं वाचत असतील याचं मला आजही नवल वाटतं. आपल्याला छापील बाण असूनही चुकतं.

उभा_धागा
बाण!! माझं नावच त्यावरून घेतलंय. पहिला स्कर्ट कापताना कापड वाचवायला दोन कळ्या जराशा तिरक्या बसवल्या. उभ्या धाग्याची दिशा दाखवणारा बाण कापडाच्या काठाला समांतर हवा हे माहीत होतं, पण 'एवढ्याने काय होतंय' असं वाटलं. दोन धुण्यांनंतर स्कर्ट पायाभोवती पीळ घेऊन फिरायला लागला. बाजूची शिवण थेट गुडघ्यावर. आता बाणाच्या वरच्या टोकापासून काठापर्यंत टेप, खालच्या टोकापासून काठापर्यंत टेप, दोन्ही आकडे सारखे आले की मगच टाचणी. वेळ लागतो, पण हे मी कधीच सोडत नाही.

आणि कापड आधी धुवून घ्या गं सगळ्याजणी. सुती असेल तर नक्कीच.

दोरा_संपला
सगळ्याजणी आणि एक मी. मुलीसाठी फ्रॉक शिवायला पॅटर्न घेतला, घरी बसून सूचना वाचल्या. 'गळ्याच्या कडेला आधी एकेरी टीप घाला' हे वाक्य मी दोनदा ओलांडून गेलो, कारण जोडायचं तर काहीच नव्हतं, मग टीप कशाला? गळा ताणला जाऊन कडा लाटेसारखी झाली. सगळं उसवून परत कापलं, आधी ती टीप घातली, आणि गळा कसा बसला म्हणता! मग आतली पट्टी लावून मायेवर पट्टीच्या बाजूने आणखी एक टीप, त्याने पट्टी बाहेर डोकावत नाही. पॅटर्नच्या सूचनेत एकही पायरी उगाच नसते, हे मी तिथे शिकलो. मुलीने तो फ्रॉक चार दिवस अंगावरून काढू दिला नाही.

बॉबिनवाली
चार दिवस! गोड.
आले परत. कापडाच्या कात्रीने कागद कोण कापतं ते सांगा. आमच्याकडे आज कुणीतरी कापलाय आणि कुणी कबूल होत नाहीये.

चिमटीभर
कात्रीला लाल फीत बांध. आमच्याकडे लाल फितीला कुणी हात लावत नाही.

घेरदार
गोल घेराच्या स्कर्टला पॅटर्न लागत नाही असं म्हणतात, पण मी तो छापील पॅटर्नवरूनच शिकले आणि नंतर गणित कळलं. कमरेला ६.२८ ने भागायचं, ती त्रिज्या. २८ कमरेला जवळपास साडेचार इंच, आणि माया सोडायची म्हणून कापताना तेवढी कमी घ्यायची. अर्ध्या घेराला ३.१४ ने भागा.

पण माझी आठवण हेमची. पॅटर्नमध्ये लिहिलं होतं, स्कर्ट एक दिवस टांगून ठेवा, मगच खालची कडा दुमडा. दुसऱ्या दिवशी समारंभ होता, मी टांगला नाही. तिथे उभी असताना मैत्रीण म्हणाली, 'अगं, मागून लोंबतोय.' पूर्ण गोलात चार ठिकाणी कापड उरेप, म्हणजे धाग्याला तिरकं पडतं, तिथे ते स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. घरी येऊन जमिनीपासून पट्टी लावून मोजलं तर एके ठिकाणी सव्वा इंचाचा फरक. त्या रात्री सगळा हेम उसवला आणि सकाळपर्यंत स्कर्ट दारामागे टांगून ठेवला.

मुंढा_आणि_बाही
घेरदार, एवढा मोठा हेम हाताने करतेस की मशीनवर? माझ्या गोल हेमला नेहमी चुण्या पडतात.

घेरदार
काठापासून पाव इंचावर एक सैल टीप, मग तिचा खालचा दोरा हळूच ओढून गोलाई आवळून घ्यायची. दुमड अरुंद ठेवायची. इस्त्री वरून दाबायची, घासायची नाही.

एकखांदी
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते.

माझा पाठीचा कणा वाकडा आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली. तयार ड्रेस घातला की एका बाजूला गळा सरकतो, पाठीवर तिरकी घडी पडते. मी वर्षानुवर्षं वर ओढणी किंवा जाकीट घालत आले. पॅटर्नवरून शिवायला घेतलं तेव्हाही तेच झालं, आणि मी मशीन झाकून ठेवलं.

मग एकदा पाठीचा तुकडा हातात घेऊन बघत होते. त्यावर लिहिलेलं, 'घडीवर कापा'. म्हणजे कागदावर पाठ अर्धीच असते. उरलेली अर्धी तशीच असणार असं त्यांनी धरून चाललंय. माझी तशी नाही! हे कळल्यावर कितीतरी मोकळं वाटलं. मोठा कागद घेऊन पूर्ण पाठ काढली, डावी आणि उजवी वेगळी. उजव्या खांद्याची रेघ पाऊण इंच खाली, आणि मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईचा, तळही तेवढाच खाली, नाहीतर मुंढा लहान होतो आणि बाही बसत नाही. पुढच्या भागाचंही तसंच. मांजरपाटात तीनदा शिवून पाहिलं. तिसऱ्या वेळी आरशाकडे पाठ केली, हातात छोटा आरसा धरला, आणि घडी नव्हती. पाठ सपाट.

तो कच्चा, टाचण्या लावलेला, पेनच्या खुणांचा मांजरपाटी ड्रेस मी घरात संध्याकाळभर घालून फिरले.

कळीदार
एकखांदी, हे वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. किती छान लिहिलंस.

दोरा_संपला
ताई, माझ्या बहिणीलाही हाच त्रास आहे. तिला हे दाखवतो. मुंढ्याचा तळ खाली घ्यायचा हे अजिबात सुचलं नसतं.

एकखांदी
जरूर दाखवा. आणि तिला सांगा, कागदाच्या दोन्ही बाजूंवर 'डावी' आणि 'उजवी' मोठ्या अक्षरात लिही. मी एकदा उलट कापलं होतं.

बेतीव
छातीच्या मापाचंही असंच आहे. बरेचसे पॅटर्न मध्यम छाती धरून काढलेले असतात. छाती भरदार असली की आपण मोठं माप घेतो, मग खांदे आणि गळा ढगळ. काखेखालून वर, छातीच्या वरच्या भागाचं माप घ्या. पूर्ण छाती त्यापेक्षा २ इंचांहून जास्त असेल तर पॅटर्न वरच्या मापाने निवडा आणि फक्त छातीपाशी कागद कापून उघडून वाढवा. मला हे कळायला पाच ड्रेस लागले.

शिवाय पातळ कागदावरच पुढच्या तुकड्यावर कपड्याचं तयार माप छापलेलं असतं, ते आपल्या मापाशी ताडून बघा. ड्रेस किती सैल होणार ते कापायच्या आधीच कळतं.

चिमटीभर
घरी छापायचे पीडीएफ पॅटर्न वापरणारे कुणी आहेत का इथे? मी रात्रभर जमिनीवर ३६ पानं चिकटवली आणि मग लक्षात आलं की छापताना 'पानात बसवा' तसंच राहिलं होतं. चाचणीचा चौकोन १० सेंमीचा हवा, भरला ९.६. शंभर सेंमीच्या घेरात चार सेंमी कमी! आता पहिलं एकच पान छापते, चौकोन मोजते, मग बाकीची.

उभा_धागा
३६ पानं, बापरे. पाठ दुखत असेल, विश्रांती घे.

बॉबिनवाली
कात्रीचा गुन्हेगार सापडला. शाळेचा प्रकल्प होता. माफ केलं.

धावदोरा
सगळं वाचतेय, एकेक दोनदा. एकखांदी, तुझं वाचल्यावर आईचा कागद परत उघडला. 'मागे पाव इंच खाली' म्हणजे काय ते आत्ता समजलं. तिची कंबर मागून खोल होती, माझीही आहे, म्हणून माझे सगळे स्कर्ट मागे पट्ट्याखाली गोळा होतात. म्हणजे तिची खूण मलाही चालेल. कंबर मात्र १ इंच नाही, दोन वाढवावी लागेल.

तिच्या अक्षराशेजारी मी काही लिहिणार नाही, नवीन कागदावर उतरवून घेते. पण घडीपाशी तो दोन ठिकाणी फाटायला आलाय. काय करू?

बेतीव
चिकटपट्टी अजिबात लावू नकोस, पिवळी पडते आणि कागद कडक होतो. आधी कोरडी इस्त्री, वाफ बंद, अगदी कमी तापलेली, एकेक घडी सरळ कर. मग मागून हलकं, न विणलेलं फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लाव. आधी पाकिटातल्या रिकाम्या कडेच्या तुकड्यावर करून बघ.

धावदोरा
फ्युजिंगची चमकणारी बाजू कागदाकडे ना? आणि पेन्सिल पुसली जाणार नाही ना?

बेतीव
चमकणारी कागदाकडे. पेन्सिलीची बाजू वर ठेव, तिच्यावर साधा पांढरा कागद, मग इस्त्री. दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. आधी एक फोटो मात्र काढून ठेव.

धावदोरा
काढला. पंखा बंद करून बसलेय.