संगणकावर टीव्हीचे चालू कार्यक्रम थांबवून पाहणे आणि रेकॉर्ड करणे: कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या विंडोज ७ च्या संगणकात टीव्ही ट्यूनरचे, म्हणजे टीव्हीचे प्रसारण संगणकात घेणारे, कार्ड होते आणि मीडिया सेंटरमधून चालू कार्यक्रम थांबवणे, मागे नेणे, रेकॉर्ड करणे ही सर्व कामे विनासायास होत असत. नव्या संगणकावर विंडोज १० असून त्यात मीडिया सेंटर मुळातच नाही. वडिलांना सह्याद्री वाहिनीवरील बातम्या हव्या असतात आणि नेमक्या त्याच वेळी दारात कोणीतरी उभे राहते. आईच्या मालिका केबलवर लागतात. घरात केबलचा सेट टॉप बॉक्स आहे आणि गच्चीवर फ्री डिशची छत्रीही आहे. शक्यतो विनामूल्य आणि वडिलांना वापरता येईल असे सॉफ्टवेअर कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निपाणीकर
मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज १० आणताना मीडिया सेंटर काढून टाकले, त्यामुळे ते परत मिळवण्याच्या खटपटीत पडू नये. सॉफ्टवेअरची निवड मात्र दुसऱ्या पायरीवरची गोष्ट आहे. आपल्याकडे चित्र कोणत्या वाटेने येते, यावर बाकी सारे ठरते.

केबलच्या वाहिन्या डिजिटल झाल्यापासून कुलूपबंद येतात आणि ते कुलूप फक्त ऑपरेटरच्या बॉक्समध्ये उघडते, त्यामुळे केबलची वायर थेट संगणकाच्या ट्यूनरला जोडून काहीही दिसणार नाही. फ्री डिशवरील सह्याद्री, चंदना यांसारख्या दूरदर्शनच्या वाहिन्या मात्र खुल्या असतात. त्यासाठी डीव्हीबी-एस२ प्रकारचा उपग्रह ट्यूनर घ्यावा. खोक्यावर केवळ डीव्हीबी-टी किंवा टी२ लिहिलेले असेल, तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण तो अँटेनावरील प्रसारणासाठी असतो आणि दूरदर्शनचे तसे डिजिटल प्रसारण मोजक्या मोठ्या शहरांपुरतेच आहे.

विंडोजवरच राहायचे असेल तर माझे मत नेक्स्टपीव्हीआरला. ते विनामूल्य आहे, चालू कार्यक्रम थांबवता येतो, रेकॉर्डिंगची वेळ आधी लावून ठेवता येते आणि घरातील दुसऱ्या संगणकावरूनही पाहता येते. उपग्रह निवडताना ९३.५ अंश पूर्व, म्हणजे जीसॅट-१५, निवडावा आणि एलएनबीच्या (छत्रीसमोर बसवलेल्या संकेत पकडणाऱ्या भागाच्या) रकान्यात ९७५० व १०६०० हे आकडे भरावेत. येथे चूक झाली की स्कॅनमध्ये एकही वाहिनी सापडत नाही आणि मनुष्य उगाच सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. मीडियापोर्टलही चांगले आहे, परंतु त्याची मांडामांड पहिल्याच वेळी करणाऱ्याला जड जाते.

खानापूरचा वाचक
निपाणीकरांशी मी सहमत आहे, तरी घरात एखादा जुना संगणक पडून असेल तर त्यावर विंडोजऐवजी उबंटू ही विनामूल्य प्रणाली घालून ट्यूनर सांभाळणारे व रेकॉर्ड करणारे टीव्हीहेडएंड चालवावे आणि पाहण्यासाठी कोडी हे सॉफ्टवेअर वापरावे, असे सुचवतो. टीव्हीहेडएंडमध्ये थांबवून पाहण्याची सोय सुरुवातीला बंद असते, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. तेथेच आणखी एक पर्याय आहे: थांबवण्याचे बटण दाबल्यानंतरच साठवण सुरू व्हावी, असे ठरवता येते. तसे केल्यास हार्ड डिस्क दिवसभर विनाकारण लिहीत राहत नाही. मात्र बटण दाबण्यापूर्वीचा भाग मागे नेऊन पाहता येत नाही. रोजच्या वापरात वडिलांना केवळ कोडी दिसेल आणि ते साध्या रिमोटवरही चालते.

विजेचा प्रश्न आपल्या भागात सर्वांनाच ठाऊक आहे. रेकॉर्डिंग टीएस या फाइल-स्वरूपातच होऊ द्यावे, कारण मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचा भाग सुरळीत चालतो. एमपी४ फाइल अर्ध्यात तुटली तर बहुधा उघडतच नाही. सेकंदाला ३ मेगाबिट धरले तर तासाला साधारण १.३५ जीबी जागा लागते, म्हणून रेकॉर्डिंगला वेगळी डिस्क द्यावी. कार्यक्रमांच्या वेळापत्रकावर पूर्ण विसंबू नये आणि दोन्ही बाजूंना पाच-दहा मिनिटे जास्तीची लावावीत. छत्रीवरून टीव्ही आणि संगणक दोन्ही स्वतंत्रपणे चालवायचे असल्यास दोन आउटपुटचा एलएनबी बसवावा लागेल. छत्री आग्नेयेकडे तोंड करून असते, त्या बाजूला फणसाची किंवा आंब्याची फांदी वाढलेली नाही ना, हे पावसाळ्यापूर्वी पाहून घ्यावे. आमच्याकडच्या जोराच्या पावसात तसेही चित्र फुटते आणि त्यावर कोणत्याच सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

टिळकवाडीकर
दोघांचेही आभार. वडिलांचा प्रश्न सुटला असे वाटते. आईच्या मालिकांसाठी काही मार्ग आहे का, आणि घरी असे रेकॉर्डिंग करणे कायद्याला धरून आहे का?

शहापूरकर
कायद्याचे आधी सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे प्रसारणाचे स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेले रेकॉर्डिंग हा प्रसारकाच्या हक्काचा भंग मानला जात नाही. ते इतरांना वाटणे किंवा इंटरनेटवर चढवणे ही बाब निराळी. वाहिन्यांचे कुलूप तोडणारी सॉफ्टवेअरे काही ठिकाणी सुचवली जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

केबलसाठी बॉक्सच्या मागील पिवळ्या, पांढऱ्या व लाल वायरी बाहेरचे चित्र संगणकात घेणाऱ्या यूएसबी कॅप्चर उपकरणाला जोडाव्यात आणि ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करावे. एचडीएमआयमधून घ्यायला गेल्यास एचडीसीपी या नक्कल रोखणाऱ्या कुलपामुळे पडदा बहुतेक काळाच राहतो. ओबीएसमध्ये चालू कार्यक्रम थांबवून पाहण्याची सोय नाही, तेव्हा आईंना मालिका संपल्यावरच पाहावी लागेल. ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून ओबीएस ठरलेल्या वेळी रेकॉर्डिंगसह सुरू करता येते, परंतु बॉक्स त्या वाहिनीवर कोणीतरी लावून ठेवलेला असला पाहिजे. रेकॉर्डिंगचे स्वरूप अर्ध्यात तुटले तरी उघडणारे एमकेव्ही ठेवावे, कारण खानापूरच्या वाचकांनी सांगितलेली विजेची अडचण येथेही आहेच.